टिचबटणं

विट्यात मागांचा आवाज थांबला की
लोकांना जाग येते.
माझाही पाय मशीनवर त्याच तालात पडतो.
मे सरताना निळ्या टेरिकॉटचा ढीग
गुडघ्याला लागतो,
आणि प्रत्येक आई तेच म्हणते,
"ताई, आत दुमड सोडा. चार बोटं तरी."

चार बोटं म्हणजे दोन वर्षं.
हे गणित कुठल्या पुस्तकात नाही.
दुमड उसवली की आतून निघतो
न धुतलेला, उन्हं न बघितलेला निळा,
दुकानातून आणला त्या दिवशीचा.
वर फिका, खाली गडद.
गणवेशात सगळी पोरं सारखी दिसतात म्हणे.
उभी करा रांगेत,
कुणाची कितवी दुमड, मी लांबून सांगते.

यंदा शाळेनं कागद काढला:
स्कर्ट गुडघ्याखाली चार इंच.
मोजणार कोण, ते लिहिलं नव्हतं.

पालकांची सभा झाली. मीही गेले,
पालक म्हणून नव्हे,
खाली सोडायला कापड उरलंय का, ते सांगायला.
कुणी विचारलं नाही.
सुदामती हजारे म्हणाली, मालक सेलमला गलाईवर,
नवा जोड आत्ता न्हाय जमायचा,
जुन्यालाच पट्टी लावू द्या.
अत्तार म्हणाले, थेट सलवारच करा, कटकट मिटंल.
त्यांची मुलगी दारातून त्यांच्याकडे बघत होती.
मग दुबळ उठले, टेम्पोवाले.
चारचौघांत बोलायची सवय नाही, टोपी हातात.
"खालीच असावा. पोरी मोठ्या झाल्यात.
रस्त्यानं लोक बघत्यात."
"मग लोकास्नी कागद काढा की,"
मागून कुणी बाई बोलली.
हशा झाला.
ठरावही झाला.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला
दुबळांची प्रणोती आली. नववीतली.
दोन्ही गुडघ्यांवर मैदानाची लाल माती.
"खो मिळतो ताई, पण उठता येत न्हाय.
पायात येतो ह्यो."
टीमची हाफपँट?
"ती जिल्ह्याला गेलं तर देत्यात.
जिल्ह्याला जायला आधी उठाय तर पायजे."

मी डबा उघडला.
ब्लाउजांसाठी ठेवलेली टिचबटणं काढली.
चौदा जोड्या, आतल्या अंगानं,
चार-चार बोटांवर एक.
दाबली की मैदान,
सोडली की शाळा.
तिनं तिथंच दोनदा करून बघितलं,
टिच, टिच, टिच,
कुलूप ओढून बघतात तसं.
हसली नाही.
पैसे तिच्याकडे नव्हते, मी मागितले नाहीत.
पुढच्या आठवड्यात आणखी पाच जणी.
बटणांचं नवं पाकीट
वहीत मी 'किरकोळ' म्हणून लिहिलं.

गणपती बसायच्या आधी दुबळ आले.
टेम्पो चालूच.
हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी निळं.
माझा पाय मशीनवर थांबला.
वाटलं, आता हा माणूस बोलणार,
आणि मी काय सांगणार,
की कापड माझं नाही, पोरगी माझी नाही,
फक्त बटणं माझी?

त्यांनी स्कर्ट उलटा केला,
माझ्यापुढं पसरला,
एका जागी अंगठा टेकवला.
"हितलं एक निघालंय.
शनिवारी लेंगऱ्याला मॅच हाय."

निळा दोरा संपला होता.
काळा चालेल का, विचारलं.
ते टेम्पोकडं बघत म्हणाले,
"आतल्या अंगाला हाय.
कोण बघतंय."